जावा बदलली त्या हंगामात

आमच्या कंपनीत जावा बदलायचं ठरलं तेव्हा मी तिथे सगळ्यांत नवीन होते आणि वयानं सगळ्यांत मोठी. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या की ऑफिसात त्याला चहा विचारायचा की नाही इथपासून लोकांची पंचाईत होते. मुलं लहान होती, मग सासऱ्यांचं आजारपण निघालं, असं करता करता माझी बरीच वर्षं घरात गेली होती. पुन्हा काम शोधायला निघाले तर पुण्याच्या कंपन्यांनी व्हिडिओवर गोड बोलून कटवलं. नाशिकमध्ये जावा लिहिणाऱ्यांना नोकऱ्या मुळातच कमी, आणि नवऱ्याची नोकरी सातपूरच्या कारखान्यात, त्यामुळे नाशिक सोडायचा प्रश्नच नव्हता. शेवटी कॉलेज रोडवरच्या एका छोट्या कंपनीनं मला द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत करारावर घेतलं. हंगाम नीट पार पडला तर कायम करू, असं मालक म्हणाले. मला ते काम हवं होतं. किती हवं होतं हे सांगायला आता लाज वाटत नाही. रोज सकाळी स्कूटर सुरू करताना मी मनातल्या मनात हात जोडायचे.

आमची कंपनी पॅकहाउससाठी, म्हणजे जिथे द्राक्षं साफ करून पेट्यांत भरतात त्या शेडसाठी, सॉफ्टवेअर करते. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या प्रत्येक पेटीवर एक लेबल लागतं. त्यावरच्या नंबरावरून ती पेटी कुठल्या गावच्या कुठल्या बागेतून आली ते तिकडच्या माणसाला कळतं. आमचा प्रोग्राम तो नंबर तिकडच्या खरेदीदाराच्या कॉम्प्युटरकडून मागून घेतो, आणि नंबर आला की प्रिंटर लेबल काढतो. लेबल नाही तर पेटी जागची हलत नाही. हा सगळा प्रोग्राम जावा या भाषेत लिहिलेला, आणि तो चालायचा तर त्या कॉम्प्युटरवर जावाचा एक संच बसवलेला असावा लागतो. त्याला आम्ही जेडीके म्हणतो.

हा संच वर्षानुवर्षं एकाच ठिकाणाहून यायचा आणि कुणी त्याचा विचारही करायचं नाही. मग त्याच्या परवान्याचे नियम बदलले. आता आकारणी जिथे प्रोग्राम चालतो तिथल्या कामावरच्या माणसांच्या संख्येवर होणार, असं मालकांनी कुठेतरी वाचलं. हंगामात सुरगाणा, पेठ, हरसूल भागातून पॅकिंगला किती बायका येतात ते आठवून त्यांना घामच फुटला. "म्हणजे कात्रीनं घड साफ करणाऱ्या बाईचे पण जावाचे पैसे भरायचे?" ते मला विचारत होते, जसा काही तो नियम मीच केला होता. मी म्हटलं, फुकट वापरता येणारे दुसरे जेडीके आहेत, मूळ कोड एकच, बांधून देणारे वेगळे. मालकांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे शेगडी तीच, फक्त सिलिंडरची एजन्सी बदलायची," ते म्हणाले, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

घरी सासूबाईंना सांगितलं, की ऑफिसात जुनी जावा काढून नवी आणायची आहे. त्या लसूण सोलत होत्या. "बरं आहे बाई तुमच्याकडे," त्या म्हणाल्या, "आम्हाला अशी सोय नव्हती."

पावसाळा संपत आला होता तेव्हा मी कामाला लागले. पहिल्याच दिवशी पॅकिंगच्या टेबलांवर लावायच्या मराठी चिठ्ठ्या छापून बघितल्या, तर अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. जुन्या संचाबरोबर काही गोष्टी आयत्या मिळत होत्या आणि त्या मिळत होत्या हेच कुणाला माहीत नव्हतं. फॉन्टचं निस्तरलं तर वजनकाट्याशेजारचा प्रोग्राम उघडेना. त्याच्या खिडक्या आणि बटणं रंगवणारा भाग जुन्या जेडीकेत होता, नव्यात नव्हता. मग मी दुसऱ्या कुणीतरी बांधलेलं तिसरंच जेडीके शोधलं, ज्यात तो भाग होता. ते बसवलं तर रिपोर्टातल्या तारखा उलट्यापालट्या झाल्या. नाशिकच्या जावावाल्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, तिथे मी रडगाणं गायलं. ताबडतोब सगळे आपापली दुखणी घेऊन आले. कुणाचा प्रिंटर रुसला होता, कुणाचा प्रोग्राम दुपारनंतर हळूहळू मरगळायचा. एकानं लिहिलं, "आम्हाला काहीच त्रास झाला नाही, पाच मिनिटांत झालं." त्या माणसाला मी अजून भेटलेले नाही, आणि त्यातच त्याचं भलं आहे.

एक गोष्ट मात्र तपासता येत नव्हती. खरेदीदाराच्या कॉम्प्युटरशी जोडणारी लाइन फक्त हंगामात उघडते, पहिल्या मालाची नोंद झाल्यावर. तोवर आम्ही आमच्याच एका कॉम्प्युटरला खरेदीदार समजून त्याच्याशी बोलायचो. मी मालकांना म्हटलं, पॅकहाउसवरचं काम जानेवारीत, लाइन उघडली की करू. ते ऐकेनात. त्यांना खंडेनवमीचा मुहूर्त साधायचा होता. त्या दिवशी ऑफिसातल्या कॉम्प्युटरांची पूजा होतेच, पॅकहाउसच्या सर्व्हरलाही हळदकुंकू लागतं, मग नवी जावा त्याच दिवशी बसायला नको का? मी पुन्हा एकदा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी डायरीत खंडेनवमीची तारीख लिहून घेतली.

दिंडोरी रोडवरचं ते पॅकहाउस हंगाम नसल्यामुळे रिकामं होतं. मोकळ्या शेडमध्ये आमचे आवाज घुमत होते. पॅकहाउसचे मॅनेजर सटाण्याकडचे, दणकट बांध्याचे गृहस्थ. त्यांनी सर्व्हरला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मी नवं जेडीके बसवलं. मालक मागे उभेच होते. "जुनं काढा आता," ते म्हणाले. मी म्हटलं, बाजूला ठेवून देऊ या थोडे दिवस. "नाही. उद्या कुणी तपासायला आलं तर जुन्याचं नखसुद्धा सापडता कामा नये." मी जुन्या जावाचं फोल्डर पुसलं, कचऱ्याची पेटीही रिकामी केली. खोट्या खरेदीदाराशी प्रोग्राम गुण्यागोविंदानं बोलला, लेबल निघालं, पेढे वाटले. येताना मालकांनी गाडीत जुनी गाणी लावली होती.

जानेवारीत पहिला माल आला. सकाळी एवढी थंडी होती की स्कूटरवर बोटं आखडली. पॅकहाउसवर पोचले तर आवारात कंटेनर येऊन उभा, त्याच्या थंड ठेवणाऱ्या मशीनची घरघर चालू. आत दोन्ही बाजूंनी टेबलं लावून बायका डोक्याला जाळीच्या टोप्या घालून बसल्या होत्या आणि कात्र्यांचा आवाज येत होता. भरलेल्या पेट्यांची रांग लेबलाच्या प्रिंटरपाशी आली आणि थांबली. स्क्रीनवर आलं, "उत्तराची वाट पाहत आहे." आम्हीही वाट पाहिली. मग मी प्रोग्राम बंद करून चालू केला. पुन्हा तेच.

शुक्रवार होता. कंटेनर संध्याकाळी बंदराकडे निघायला हवा होता, नाहीतर जहाज चुकणार. शनिवार-रविवारी खरेदीदाराचं ऑफिस बंद. हे सगळं मॅनेजरांनी मला सांगितलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा सांगितलं. आधी मला वाटलं इंटरनेट गेलं. ते होतं. मग प्रिंटर. तो ठीक होता. मग नव्या जेडीकेवर संशय घेऊन मी त्याच्या सगळ्या सेटिंग्ज चाळल्या. पेट्या साचत गेल्या, मग ठेवायला जागा उरली नाही तेव्हा बायकांचे हात थांबले. कात्र्यांचा आवाज बंद झाला.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. मॅनेजरांनी त्यांना कळवलंच होतं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "फुकटातल्या जावाचं तुम्हीच सुचवलं होतं," ते म्हणाले. "आज गाडी गेली नाही तर सोमवारी येऊ नका." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवल्यावर कळलं की मी कशाला बरं म्हटलं होतं.

प्रोग्राममध्ये घुसून एकेक ओळ बघायला लागले तेव्हा सापडलं, की खरेदीदाराशी बोलताना काही चूक झाली तर ती चूक गपकन गिळायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा, असं आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं. प्रोग्राम सकाळपासून शेकडो वेळा ठेचकाळत होता आणि आम्हाला सांगत होता की वाट पाहतोय. मी त्याला ती चूक बोलायला लावली. ती मी दोनदा वाचली. अशा बंदोबस्तातल्या लाइनवर दोन्ही कॉम्प्युटर आधी एकमेकांचं ओळखपत्र बघतात. आमचा कॉम्प्युटर ओळखपत्र दाखवतच नव्हता. आमचा खोटा खरेदीदार ते कधी मागतच नव्हता, म्हणून तेव्हा कळलं नाही.

माझ्या आधी तिथे काम करणारा प्रोग्रामर आता बंगळुरूला असतो. त्याला फोन लावला. बिचारा मीटिंगमधून उठून बाहेर आला. "ओळखपत्राची फाइल? मॅडम, ती मी जावाच्या फोल्डरमध्येच टाकली होती. तेव्हा घाई होती ना." मग त्यानं विचारलं, "फोल्डर आहे ना?"

जावाच्या फोल्डरात आपली स्वतःची वस्तू ठेवू नये हे आमच्या धंद्यात प्रत्येकाला माहीत असतं, आणि प्रत्येक जण कधी ना कधी ठेवतोच. तो संच काढला की त्याच्याबरोबर तुमची वस्तूही जाते. जुनी जावा पुसली तेव्हा या पॅकहाउसची परदेशातली ओळखच मी पुसून टाकली होती, तीही झेंडूची माळ घालून. त्याच्याकडे कॉपी नव्हती. आमच्या ऑफिसात नव्हती. पुसलेली फाइल परत मिळवायचं एक सॉफ्टवेअर मी चालवून पाहिलं, पण मधल्या महिन्यांत त्या डिस्कवर बरंच काही लिहिलं गेलं होतं. हाताला काही लागलं नाही.

आता नवं ओळखपत्र फक्त खरेदीदारच देऊ शकत होता, आणि त्यांचं ऑफिस आपल्या दुपारी उघडतं. तोवर काहीही करण्यासारखं नव्हतं. मॅनेजर एरवी माझ्याशी छापील मराठीत बोलायचे. आता त्यांचा धीर सुटला आणि तोंडून अहिराणी बाहेर पडली. "मॅडम, गाडी उभी शे ना बाहेर!" ते ओरडले. "तुम्ही काय करी ऱ्हायनात?" मी म्हटलं, मी त्यांचं ऑफिस उघडायची वाट बघतेय. ते डोक्याला हात लावून निघून गेले.

मी शेडच्या मागे गेले आणि रिकाम्या क्रेटांच्या थप्पीआड उभी राहून रडले. चांगली हुंदके देऊन रडले. घरी गेल्यावर काय सांगायचं, ते मनात येत होतं. घरात कुणी टोमणा मारला नसता, उलट सगळे समजूत घालतील, जाऊ दे म्हणतील, आता आराम कर म्हणतील, याचीच मला भीती वाटत होती. एकदा आराम करायला बसले की पुन्हा कुणी उठू देणार नव्हतं. काम थांबल्यामुळे बायका मागच्या उन्हात येऊन बसल्या होत्या. त्यांतली एक, सुरगाण्याकडची, माझ्याच वयाची, उठून जवळ आली.

"ताई, घरी काय झालं का?"

"नाही. कॉम्प्युटर चालत नाहीये."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कंपूटरसाठी कोनी रडतं का? बिघडला तर बिघडला." मग तिनं विचारलं, "आज काम हाय का नाय मग? जीपवाला थांबलाय, त्याला सांगाया पाहिजे."

हाय म्हणावं की नाय, मला कळेना. मी म्हटलं, थोडा वेळ थांबा. तिनं पदराच्या टोकाला बांधलेल्या भाजक्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि ती निघून गेली.

दुपारी फोन लागला. तिकडून एका बाईचा आवाज आला, शांत आणि सभ्य. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. ती म्हणाली, नव्या ओळखपत्राला तीन कामाचे दिवस लागतात. मी म्हटलं, माल थांबलाय. ती म्हणाली, तिला वाईट वाटतं, पण पद्धत आहे. आणि मग मी असं काही केलं जे माझ्या स्वभावात नाही. मी त्या परक्या बाईला सांगितलं की मी करारावर आहे, बऱ्याच वर्षांनी काम मिळालंय, आणि हा कंटेनर गेला नाही तर ते जाणार आहे. पलीकडे टायपिंगचा आवाज सुरू झाला. मग ती म्हणाली, पॅकहाउसच्या मॅनेजरना त्यांच्या नोंदलेल्या फोनवरून मला फोन करायला सांगा, मी बघते काय होतं.

मॅनेजरांना शोधून आणलं. त्यांना इंग्रजीची धास्ती, मला त्यांच्या रागाची. आम्ही दोघं एका फोनवर वाकून बोललो, मी सांगायची आणि ते "यस मॅडम, यस मॅडम" म्हणायचे. तिनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. मग पुन्हा थांबलो. उन्हं कलायला लागली होती. कंटेनरचा ड्रायव्हर गेटवर दोनदा जाऊन आला. त्या वेळात मी काय केलं विचाराल तर मेलचं पान ताजं करत बसले होते, बाकी काही नाही.

मेल आला. मी फाइल उतरवली, या वेळी जावाच्या फोल्डरपासून दूर, वेगळ्या जागी ठेवली, तिच्या दोन कॉप्या केल्या. प्रोग्राम चालू केला. क्षणभर "उत्तराची वाट पाहत आहे" तसंच राहिलं, आणि मग प्रिंटर खडखडला. पहिलं लेबल निघालं, दुसरं निघालं, मग ते थांबेचना. शेडमध्ये पुन्हा कात्र्यांचा आवाज सुरू झाला. दिवे लागता लागता कंटेनर आवाराबाहेर पडला. मॅनेजरांनी मला चहा पाठवला. मी मालकांना मेसेज केला, "गाडी गेली." त्यांनी अंगठा पाठवला.

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत काहीही झालं नाही. फेब्रुवारीत गर्दी वाढली, लेबलं निघत राहिली. मी सगळीकडे शोधून शोधून, जिथे जिथे चूक गिळायची सवय होती तिथे तिथे ती बोलती केली. अजून कुठल्या वस्तू जावाच्या फोल्डरात अडकून होत्या त्या बाहेर काढल्या. बाकीच्या पॅकहाउसांवर जाऊन तेच केलं, लाइन चालू असताना, मुहूर्त न बघता. फोन वाजेनासे झाले. मला इतकं बरं वाटत होतं. घरी मी मुलांना सांगितलंसुद्धा, की बहुतेक कायम होईल.

एप्रिलच्या सुरुवातीला मालक मला घेऊन त्या पॅकहाउसवर गेले. हंगाम कसा गेला, पुढच्या वर्षी काय हवं, हे विचारायला ते दर वर्षी जातात. मॅनेजर आता मजेत होते. "काही तक्रार नाही साहेब," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी नव्या जावानं घोटाळा केला, तेव्हा मॅडमनी जुनीच परत बसवली. मग एकदम ओके."

मालकांचा चेहरा उतरला. मी घाईघाईनं सर्व्हर उघडून दाखवला. जावा नवीच आहे, हे बघा नाव, हा बघा आकडा. दोघं वाकून बघायला लागले. मॅनेजरांचा विश्वास बसेना. "पण हे तर पहिल्यासारखंच चालतं," ते म्हणाले.

"म्हणजे फरक काहीच पडला नाही?" मालकांनी मला विचारलं.

"काहीच नाही, सर," मी म्हटलं. मला तेव्हा फार अभिमान वाटत होता.

परत येताना म्हसरूळ ओलांडलं. मग मालकांनी गाडीचा वेग जरा कमी केला. "मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले, "पण करार पुढे वाढवणं जमेल असं वाटत नाही. तुम्ही कष्टाळू आहात, मला दिसतं. पण एवढे महिने काम झालं आणि सगळं होतं तसंच आहे. तुमच्या नावावर दिसण्यासारखा एकच दिवस, तो शुक्रवारचा, आणि तो तर तुम्हालाही माहीत आहे. कायम करायचं तर कंपनीतल्या माझ्या पार्टनरला मी काय दाखवू?"

मी सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षाच्या मागच्या काचेकडे बघत मनात यादी करत होते. चौकटीतली अक्षरं मी परत आणली होती, मेलेली बटणं परत आणली होती, तारखा, लेबलं, ओळख. सगळं जागच्या जागी होतं. त्यांना दाखवायला माझ्याकडे एकही बिघडलेली गोष्ट उरली नव्हती.